जागा एक, हिशेब दोन

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. पवन आणि सौरऊर्जेचे प्रकल्प उभारणाऱ्या ठिकाणी एक नोकरी आणि पक्ष्यांच्या अधिवासांवर संशोधन करणाऱ्या गटात दुसरी, अशा दोन वाटा तुझ्यासमोर आहेत. हवामान बदलाचं काम जास्त तातडीचं की जैवविविधतेचं, हे ठरत नाही म्हणून निर्णय अडलाय, असं तू लिहिलं आहेस. माझं मत आधीच सांगून टाकते: ऊर्जेची नोकरी घे. पक्ष्यांचं काम कमी मोलाचं आहे म्हणून मी हे म्हणत नाही. एखाद्या जमिनीवर कोण राहतं हे ओळखता येणारी माणसं ऊर्जेच्या क्षेत्रात फार थोडी आहेत, आणि तिथे घेतलेले निर्णय पुढची पंचवीस-तीस वर्षं फिरवता येत नाहीत. तुझी गरज तिथे जास्त आहे.

बाकीचं पत्र मात्र ‘कुठलं तातडीचं’ या प्रश्नावर लिहायचं आहे, कारण हा प्रश्न तुझ्या मनाने घडवलेला नाही, तो आपल्या सगळ्यांना तयारच मिळाला आहे. 1992 साली रिओ दि जानेरोच्या परिषदेत हवामानाचा करार आणि जैवविविधतेचा करार, दोन्ही एकाच वेळी सह्यांसाठी मांडले गेले. पण तिथून पुढे दोघांनी वेगळ्या चुली मांडल्या. परिषदा वेगळ्या, वाटाघाटी करणारी माणसं वेगळी, निधी वेगळा. शास्त्रज्ञांचंही तेच झालं. हवामान बदलावरचं आंतरसरकारी मंडळ, म्हणजे आयपीसीसी, 1988 पासून आहे. जैवविविधतेसाठीचं तसंच मंडळ, आयपीबीईएस, 2012 मध्ये सुरू झालं. या दोघांनी मिळून भरवलेल्या पहिल्या कार्यशाळेचा अहवाल आला तो थेट जून 2021 मध्ये, करारांवर सह्या होऊन जवळजवळ तीस वर्षं उलटल्यावर. दोन्ही प्रश्न एकत्र हाताळले नाहीत तर दोहोंपैकी एकही धड सुटणार नाही, हा त्या अहवालाचा गाभा होता.

हे वाक्य व्यासपीठावरून ऐकायला बरं वाटतं. ते खरं का आहे हे मात्र तुला मुळातून कळलेलं असायला हवं. नाहीतर पहिल्याच बैठकीत कुणी ‘म्हणजे नेमकं काय करायचं?’ असं विचारलं की उत्तर सुचणार नाही.

तापमानवाढीने जीवसृष्टीचं नुकसान होतं ही बाजू तुला ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यात सांगते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला ब्रॅम्बल के नावाचं चिमुकलं बेट आहे. तिथे, आणि फक्त तिथेच, मेलोमिस जातीचा एक उंदीर राहायचा. समुद्राचं पाणी पुन्हा पुन्हा बेटावर चढत राहिलं, त्याच्या खाण्याची आणि आडोशाची झुडपं गेली, आणि 2019 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारने तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं. मानवनिर्मित हवामान बदलामुळे संपलेला तो पहिला सस्तन प्राणी मानला जातो. दुसरं उदाहरण पाइड फ्लायकॅचर या चिमणीहून लहान माशीमाराचं. हा पक्षी हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतो आणि वसंतात युरोपात येऊन पिल्लं वाढवतो. आफ्रिकेतून निघायचं कधी, हे त्याला दिवसाच्या लांबीवरून कळतं, आणि दिवसाची लांबी तापमानवाढीने बदलत नाही. तिकडे नेदरलँड्समधल्या ओकच्या जंगलांत मात्र वसंत लवकर येऊ लागला, पानं लवकर फुटू लागली आणि पानांवरच्या अळ्यांचा हंगामही लवकर उरकू लागला. पक्षी पोचून अंडी उबवेपर्यंत पिल्लांचा घास संपलेला. जिथे अळ्यांचा हंगाम सगळ्यात आधी यायला लागला, तिथे या पक्ष्याची संख्या दोन दशकांत सुमारे 90 टक्क्यांनी घटली. जंगल जागेवर होतं, कुणी एक झाडसुद्धा तोडलं नव्हतं.

उलटी बाजू लोक फारशी बोलत नाहीत, आणि तुझ्या कामाला ती जास्त उपयोगी पडेल. माणूस हवेत जितका कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यातला निम्म्याच्या आसपास भाग जमीन आणि समुद्र मिळून शोषून घेतात. जमिनीवरचं हे शोषण झाडं, गवत, माती आणि मातीतले जीव मिळून करतात. आपण झाडांपाशी थांबतो आणि तिथेच चुकतो. झाड कुणामुळे उभं आहे, कुणामुळे पुढच्या पिढीत पुन्हा उगवणार आहे, हे पाहिलं की प्राणीही या हिशेबात येतात.

पूर्व आफ्रिकेतल्या सेरेंगेटी या गवताळ प्रदेशाचंच बघ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गुरांमधून बुळकांडीचा रोग पूर्व आफ्रिकेत शिरला आणि गवत चरणाऱ्या विल्डबीस्ट या मोठ्या प्राण्यांचे कळप झडले. पुढे कित्येक दशकं रोग त्यांना वर येऊ देईना. 1960 च्या सुमाराला सेरेंगेटीत जेमतेम अडीच लाख विल्डबीस्ट होते. चरणारं तोंड कमी, म्हणून गवत वाढायचं, वाळायचं, आणि दरवर्षी प्रचंड मोठ्या भागात वणवे लागायचे. त्या वणव्यांत झाडांची रोपं तग धरत नसत. मग आजूबाजूच्या गुरांना बुळकांडीची लस टोचायला सुरुवात झाली. लस गुरांना टोचली, पण रोग जंगलातूनही हटला. 1970 च्या दशकाच्या अखेरीस विल्डबीस्ट बारा-तेरा लाखांच्या पुढे गेले. गवत पोटात जाऊ लागलं, शेणावाटे मातीत परतू लागलं, वणवे कमी झाले, झाडं पुन्हा वाढू लागली. जो प्रदेश कार्बन हवेत सोडत होता तो कार्बन साठवू लागला, असा निष्कर्ष नंतर अभ्यासकांनी काढला. कार्बनसाठी तिथे कुणी काहीही केलं नव्हतं. गुरं वाचवायची होती, एवढंच.

उष्ण कटिबंधातल्या जंगलांत हीच गोष्ट अधिक संथपणे घडते. जड, टणक लाकडाच्या कितीतरी झाडांच्या बिया मोठ्या असतात. अशी बी गिळून दूर नेऊन टाकायला मोठ्या चोचीचा किंवा मोठ्या घशाचा प्राणी लागतो: धनेश, टूकन, टापीर, मोठी माकडं, हत्ती. शिकारीने हे प्राणी संपले की जंगल उपग्रहाच्या चित्रात हिरवंगारच दिसत राहतं. पण म्हातारं झाड पडलं की त्याच्या जागी त्याचं रोप येत नाही. वाऱ्यावर उडणाऱ्या किंवा छोट्या पक्ष्यांनी पसरवलेल्या बियांची, हलक्या लाकडाची झाडं जागा घेतात. जंगल तेवढंच, साठवलेला कार्बन कमी. तुझ्या कार्यालयात कुणी उपग्रहाचा हिरवा नकाशा दाखवून ‘जंगल सुरक्षित आहे’ म्हणालं, तर त्या जंगलात फळं खाणारं कोण उरलंय, एवढंच विचार.

आता एक गोष्ट, जी हवामानवाल्या मित्रांना आवडत नाही. 2019 च्या आयपीबीईएस अहवालाने जैवविविधतेच्या ऱ्हासाची पाच थेट कारणं क्रमाने मांडली. जमीन आणि समुद्राचा बदललेला वापर पहिला. शिकार, मासेमारी, तोड अशी जीवांची थेट ओरबाड दुसरी. हवामान बदल तिसरा. मग प्रदूषण आणि परके आक्रमक जीव. त्याच अहवालात दहा लाखांच्या आसपास प्रजाती नामशेष होण्याच्या वाटेवर आहेत असा अंदाज आहे. याचा अर्थ, उद्या सगळी वीज सूर्य आणि वाऱ्यापासून मिळू लागली, पण त्यासाठी जमिनी ओरबाडण्याची आपली रीत तीच राहिली, तर या दहा लाखांतल्या बऱ्याचशा प्रजाती तरीही जातील. आणि त्या गेल्या की कार्बन शोषणारी यंत्रणा ढासळेल. तुझ्या नव्या सहकाऱ्यांना हे नम्रपणे, पण न कचरता सांगावं लागेल.

आणि एक गोष्ट निसर्गप्रेमी मित्रांना आवडत नाही, तीही ऐक. वस्ती आणि रस्त्यांपासून वाचवलेल्या अभयारण्याची सीमा नकाशावर पक्की असते. पण आतल्या जीवांना मानवणारा तापमानाचा पट्टा सरकत राहतो. प्रवाळांना तर कुठलंच कुंपण वाचवत नाही. तापमानवाढ दीड अंशावर थांबली तरी उष्ण पाण्यातल्या प्रवाळांपैकी 70 ते 90 टक्के जातील, आणि दोन अंशांवर जवळजवळ सगळेच, असं आयपीसीसीने 2018 मध्ये सांगितलं. समुद्राच्या तळाच्या 1 टक्क्याहूनही कमी जागेत समुद्री प्रजातींपैकी पाव प्रजातींना आधार देणारी ही वस्ती आहे. कोळसा, तेल आणि वायू जाळणं थांबवल्याशिवाय तिथे संवर्धनाचं दुसरं कुठलंही काम पुरं पडणार नाही. पवनचक्की दिसली की विरोध, एवढीच ज्यांची भूमिका आहे, त्यांनी प्रवाळांचं काय करायचं तेही सांगितलं पाहिजे.

तुझ्या कामात सगळ्यात जास्त वेळ जाईल तो चांगल्या हेतूने केलेल्या चुका रोखण्यात. म्हणून एक उदाहरण सविस्तर लिहिते. स्कॉटलंडच्या अगदी उत्तर टोकाला, केथनेस आणि सदरलंड या भागांत, फ्लो कंट्री नावाचा पाणथळ प्रदेश आहे, सुमारे चार लाख हेक्टरचा. बघणाऱ्याला वाटावं की इथे काहीच नाही. झाडं नाहीत, तपकिरी-हिरवं शेवाळ, मधून मधून काळ्या पाण्याची डबकी. पण पायाखाली पीट असतो, म्हणजे पाण्याखाली हवा न मिळाल्याने पुरत्या न कुजलेल्या वनस्पतींचा थर. हजारो वर्षं शेवाळावर शेवाळ साचत तो तयार झाला, आणि काही ठिकाणी तो दहा मीटर खोल आहे. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम 3 टक्के भागात असे पीट आहेत, पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडांत मिळून जेवढा कार्बन आहे, त्याहून जास्त कार्बन त्यांच्यात आहे.

1980 च्या दशकात ब्रिटनमध्ये झाडं लावणाऱ्यांना करात मोठी सवलत मिळत होती. श्रीमंत गुंतवणूकदारांनी ही ‘निकामी’ जमीन घेतली, नांगरून चर खणले, पाणी काढून टाकलं आणि बाहेरून आणलेल्या सिटका स्प्रूस आणि लॉजपोल पाइनच्या रांगा लावल्या. चर खणताच पीट सुकायला लागला. त्यात हवा शिरली, हजारो वर्षं अडकून पडलेला कार्बन कुजून बाहेर पडू लागला. झाडं वाढता वाढता जो कार्बन घेत होती त्याच्यासमोर खालून जाणारा हा कार्बन उभा होता. पक्ष्यांचं काय झालं तेही नीट समजून घे, कारण ते सहज लक्षात येत नाही. सोनचिखल्या, डनलिन, ग्रीनशँक हे उघड्या जमिनीवर घरटी करणारे पक्षी. लागवडीखालची जागा तर त्यांच्या हातून गेलीच, पण लागवडीच्या कडेपासून शेकडो मीटरपर्यंतची मोकळी जमीनही त्यांनी सोडली, कारण झाडांच्या आडोशाने कोल्हे आणि कावळे आले होते. म्हणजे नकाशावर लागवडीचं जेवढं क्षेत्र दिसत होतं त्याच्या कितीतरी पट क्षेत्र पक्ष्यांसाठी संपलं.

खूप ओरड झाल्यावर 1988 च्या अर्थसंकल्पात ती करसवलत काढली. आणि आता तिथे काय चालू आहे? लावलेली झाडं तोडली जात आहेत, चर बुजवले जात आहेत, पाणी पुन्हा वर येईल असे छोटे छोटे बांध घातले जात आहेत. 2024 मध्ये युनेस्कोने फ्लो कंट्रीला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. हवामानासाठी झाडं तोडावी लागतात, हे वाक्य कुणाला सांगितलं तर लोक चमकतात. पण त्या जागेपुरतं ते बरोबर आहे. झाड चांगलं की वाईट असा प्रश्नच नसतो. कुठलं झाड, कुठल्या मातीत, आणि तिथे आधी काय होतं, हेच विचारायचं असतं.

अशी उदाहरणं अनेक आहेत, सगळी सांगत बसत नाही. 2004 च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेच्या किनाऱ्यावर खारफुटी लावायची मोहीम झाली. पुष्कळ रोपं चुकीच्या पातळीवर, सतत पाण्याखाली राहणाऱ्या चिखलात लावली गेली आणि मेली. युरोपने वाहनांसाठी जैवइंधन वाढवायचं ठरवलं, त्यासाठी पामतेलाची मागणी वाढली, आणि आग्नेय आशियात पामच्या मळ्यांसाठी पीटची जंगलं सुकवण्याला आणखी एक निमित्त मिळालं. नंतर युरोपलाच ते धोरण मागे घ्यायला सुरुवात करावी लागली. आजारापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते असं. गवताळ माळांवर सरसकट वृक्षलागवड, हाही त्यातलाच प्रकार. गवताचा कार्बन मुख्यतः जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो, त्यामुळे तो डोळ्यांना दिसत नाही आणि माळ रिकामा वाटतो. तिथे सावली पडली की उन्हात वाढणारं गवत जातं, आणि त्या गवतावर जगणारे प्राणी-पक्षीही जातात.

या सगळ्या चुकांमध्ये कार्बनचा आणि जीवांचा, दोन्ही हिशेब एकाच दिशेने बिघडले होते. त्यामुळे त्यांवरचा निर्णय तसा सोपा आहे. अवघड जागा वेगळ्या आहेत, जिथे हवामानाचा फायदा खरा आहे आणि एखाद्या प्रजातीचं नुकसानही तितकंच खरं आहे. तुला नोकरीत अशाच जागा भेटतील.

माळढोकाचं प्रकरण मुळातून वाच. राजस्थान आणि गुजरातच्या ज्या मोकळ्या भागांत हा पक्षी उरलाय, तिथेच ऊन आणि वारा भरपूर, म्हणून तिथेच सौर आणि पवनऊर्जेचे मोठे प्रकल्प. माळढोक वजनाने जड. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे समोरचं त्याला फार कमी दिसतं. उडताना वीजवाहिनीची तार जवळ आल्यावरच कळते आणि तोवर वळायला उशीर झालेला असतो. मादी बहुधा एका वेळी एकच अंडं घालते. जेमतेम शे-दीडशे पक्षी उरलेले असताना दरवर्षी तारांवर आपटून थोडे जरी मेले, तरी संख्या भरून निघत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये मोठ्या क्षेत्रातल्या वाहिन्या शक्य तिथे जमिनीखाली घ्यायला सांगितलं. सरकारने आणि कंपन्यांनी अडचणी मांडल्या: उच्च दाबाच्या वाहिन्या जमिनीखाली नेणं तांत्रिकदृष्ट्या कठीण, खर्च प्रचंड, आणि देशाच्या अपारंपरिक ऊर्जेच्या उद्दिष्टाला खीळ. मार्च 2024 मध्ये न्यायालयाने आधीचा सरसकट आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकांचा हक्क आहे, हेही त्याच निकालात म्हटलं.

हे वाचून बाजू घेण्याची घाई करू नकोस. मला स्वतःला वाटतं की हा वाद न्यायालयात पोचला तेव्हाच बराच उशीर झाला होता. वाहिनी कुठून जाणार हे एकदा ठरलं, मनोरे उभे राहिले, पैसा अडकला, की मग पक्षी की वीज असा भांडणाचा प्रश्न उरतो. तोच प्रश्न कागदावर रेघ ओढायच्या वेळी आला असता, तर बहुतेक ठिकाणी रेघ थोडी बाजूला सरकवून भागलं असतं. उन्हाला जागेची फार निवड नसते, आधीच मोडलेल्या, पडीक झालेल्या, बांधलेल्या जमिनीवरही ते तितकंच पडतं. माळढोकाला निवड असते.

आणि काही तडजोडी खरोखर स्वस्त असतात. पवनचक्क्यांवर वटवाघळं मरतात, हे तुला माहीत असेल. ती मुख्यतः मंद वाऱ्याच्या रात्री उडतात, आणि मंद वाऱ्यात चक्की वीजही थोडीच देते. म्हणून अमेरिकेतल्या काही प्रकल्पांवर एक प्रयोग झाला: स्थलांतराच्या हंगामात रात्री वारा ठरावीक वेगाच्या वर गेल्याशिवाय पाती फिरू द्यायची नाहीत. वटवाघळांचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने, काही रात्री त्याहूनही पुष्कळ कमी झाले, आणि वर्षभराच्या विजेतली घट 1 टक्क्याच्या आतच राहिली. ही गोष्ट कुणाला सुचली असेल? ज्याला वटवाघळाची रात्र आणि चक्कीच्या वीजनिर्मितीचा आलेख, दोन्ही वाचता येत होतं त्याला. मला तुझ्याकडून हीच अपेक्षा आहे.

एका बाबतीत मात्र तडजोड करू नकोस. ‘आम्ही अमुक हेक्टर जंगल राखतो, म्हणून आमचं कोळसा-तेल जाळणं चालू राहू दे’ असा व्यवहार तुझ्यासमोर येईल, आणि तो फार सुंदर भाषेत येईल. जमिनीखालचा कार्बन कोट्यवधी वर्षं तिथे होता. तो जाळून हवेत गेल्यावर त्याच्या बदल्यात झाडांत ठेवलेला कार्बन एका वणव्यात, एका दुष्काळात, एका धोरणबदलात परत हवेत जाऊ शकतो. अॅमेझॉनच्या आग्नेय भागात तर तोड आणि वाढती उष्णता मिळून जंगल शोषतं त्याहून जास्त कार्बन सोडू लागल्याचं 2021 च्या मोजणीत दिसलं. तापमानवाढ चालू ठेवून त्याच तापणाऱ्या जंगलावर भार टाकायचा, हे गणित बसत नाही. जंगल राखायचं ते राखायचंच, आणि इंधन जाळणं थांबवायचं ते थांबवायचंच. एकाची सूट दुसऱ्याला लावू देऊ नकोस.

नीट जमलेलं काही आहे का, असं तू पत्राच्या शेवटी विचारलं आहेस. आहे. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाने 1996 मध्ये वनकायदा केला. इंधनावरच्या कराचा एक हिस्सा बाजूला काढून तो जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना द्यायचा, असं त्यात ठरलं. पैसे कशाचे द्यायचे याची कायद्यात चार कारणं आहेत: कार्बन साठवणं, पाणी, जैवविविधता आणि निसर्गसौंदर्य. चारही एकाच करारात. जंगल तोडून जमिनीचा वापर बदलायला त्याच कायद्याने बंदी घातली. एकेकाळी त्या देशाचं जंगल एक तृतीयांशाहूनही खाली गेलं होतं, आज निम्म्याहून जास्त भूभागावर जंगल आहे. सगळं श्रेय या एका योजनेला देता येणार नाही, गोमांसाचा बाजार पडल्यानेही कुरणं मोकळी झाली. पण तेल जाळणाऱ्याकडून घेऊन जंगल राखणाऱ्याला द्यायचं, ही रचना मला आजही फार आवडते.

दुसरं उदाहरण पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर या देशाचं. तिथल्या माराडी आणि झिंदर भागांत 1980 च्या दशकात वृक्षलागवडीची रोपं दरवर्षी वाळून जात होती. मग लक्षात आलं की शेतात जी झुडपं लोक दरवर्षी छाटून टाकत होते, ती जुन्या तोडलेल्या झाडांचे फुटवे आहेत. खाली मुळं जिवंत होती. शेतकरी त्या फुटव्यांतले जोमदार चार-पाच ठेवून बाकीचे छाटू लागले, आणि काही वर्षांत झाडं उभी राहिली. रोपवाटिका नको, पाणी घालणं नको. पण खरी अडचण मुळांची नव्हती. कायद्याने झाड सरकारचं होतं, म्हणून शेतकऱ्याला ते वाढवण्यात काही लाभ दिसत नव्हता. अंमलबजावणी सैल झाली, झाड आपलं राहील अशी खात्री वाटू लागली, तेव्हा पद्धत गावोगाव पसरली. आज सुमारे 50 लाख हेक्टरांवर अशी झाडं आहेत. यात परिसरशास्त्र किती आणि मालकीहक्क किती, याचा विचार कर. 2022 मध्ये माँट्रियलच्या जैवविविधता परिषदेत 2030 पर्यंत जमीन आणि समुद्राचा 30 टक्के भाग राखायचं जगाने ठरवलं, तेव्हाही मला पहिली काळजी हीच वाटली की या 30 टक्क्यांत राहणाऱ्या माणसांना कोण विचारणार. आदिवासींना हुसकावून राखलेली जंगलं फार काळ राखली जात नाहीत.

आता कामाचं. रुजू झाल्यावर सुरुवातीचे काही महिने कमी बोल. कार्बनचा हिशेब कसा मांडतात, त्यात काय मोजलं जातं आणि काय सोडून दिलं जातं, ते शिकून घे. मातीतला कार्बन बहुधा सोडलेला असतो. जागा पाहायला जाशील तेव्हा एकाच हंगामात जाऊन परत येऊ नकोस. उन्हाळ्यात उजाड दिसलेला माळ पावसाळ्यानंतर ओळखू येत नाही. तिथे गुरं चारणाऱ्याला विचार: कुठले पक्षी कुठे बसतात, पाणी कुठून वाहतं, पूर्वी इथे काय होतं. त्याची उत्तरं टिपून ठेव आणि मग शास्त्रीय पाहणीशी ताडून बघ. तुझ्या पक्षी-गटातल्या मित्रांशी संबंध तोडू नकोस, त्यांना तुझ्याकडचे नकाशे आधी दाखवता येतील अशी परवानगी वरिष्ठांकडून लेखी घे.

आणि प्रत्येक प्रकल्पाच्या करारात एका कलमासाठी जीव तोडून भांड. काम सुरू होण्याआधी त्या जमिनीवर काय आहे याची मोजणी झाली पाहिजे, जीवांची आणि कार्बनची, दोन्ही. शेजारचा तसाच एक तुकडा हात न लावता ठेवला पाहिजे, म्हणजे पुढे तुलना करता येईल. आणि काम संपल्यानंतर निदान दहा वर्षं ही मोजणी चालू ठेवण्याचा पैसा पहिल्याच अंदाजपत्रकात वेगळा काढलेला असला पाहिजे. खर्चाला कात्री लागते तेव्हा सगळ्यात आधी हीच ओळ खोडली जाते, आणि खोडताना कुणी आवाजही करत नाही, कारण त्या दिवशी त्याने कुणाचंच काही बिघडत नाही. ती ओळ कुठल्या पानावर आहे, हे तुला प्रत्येक वेळी माहीत असू दे.

तुझी,
ताई